साठीनंतरही संघात : कर्नल सी. के. नायडू

पोळा झाला, जाम नदीवरची गोटमार झाली, की आपल्याकडे गणपतीचे वेध लागतात. मंडप, वर्गणी, मुलांच्या स्पर्धा यांच्या बैठका सुरू होतात. त्याच बैठकांत चहा आल्यावर दरवर्षी एक विषय निघतो : हिवाळ्यातल्या टेनिस बॉलच्या सामन्यांना आपल्या संघात कोण कोण घ्यायचे. यंदा हा विषय एका नावावर अडला. आमच्यातले सर्वांत जुने बॉलर. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेलच. वय बावन्न. गुडघा दुखतो, सीमारेषेवर उभे करता येत नाही, आणि एक धाव चोरायची वेळ आली की समोरच्या फलंदाजाचा जीव टांगणीला लागतो. पण शेवटचे षटक कोणाला द्यायचे असे विचारले, तर अजूनही निम्मे हात त्यांच्याकडेच वळतात.

बैठकीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, त्यांच्या जागी सौंसरकडचा एक सतरा वर्षांचा पोरगा घ्या, तो पळतो तरी. दुसऱ्या तटाचे म्हणणे, पळण्याने विकेट पडत नाहीत. वाद वाढला तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठाने सी. के. नायडूंचे नाव काढले आणि एकसष्टाव्या वर्षी रणजी खेळणाऱ्या माणसाची आठवण करून दिली. त्यावर लहान मुलांपैकी एकाने जे विचारले, त्याने आम्ही सगळेच गप्प झालो. सी. के. नायडू ही एक ट्रॉफी आहे एवढेच त्याला माहीत होते. तो माणूस होता, आणि तो आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या नागपुरात जन्मला होता, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हे चरित्र लिहायचे ठरले.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घराणे मूळचे तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेले आणि सधन. वडील इंग्लंडला शिकून आलेले वकील. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता, आणि पांढुर्ण्याची माणसे कोर्टकचेरीला, दवाखान्याला आणि लग्नाच्या खरेदीला नागपूरलाच जात. खरेदीला अजूनही जातात. सांगायचे कारण एवढेच की नायडू हे आपल्याला परके नाव नाही. आपल्या जुन्या राजधानीचा तो मुलगा.

प्रथम श्रेणीचा पहिला सामना ते १९१६ साली मुंबईत खेळले. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ तेव्हा दरवर्षी आपसांत खेळत. तिला चौरंगी स्पर्धा म्हणत. धर्मावरून संघ पाडणे आज विचित्र वाटते, आणि पुढे त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण त्या दिवसांत देशातले सर्वांत चुरशीचे क्रिकेट तेच होते. एकवीस वर्षांचे नायडू हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध फलंदाजीला आले तेव्हा संघाची पडझड झालेली होती. पहिले काही चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि धावांचे खाते षटकाराने उघडले. त्यांचे खेळणे पुढे सत्तेचाळीस वर्षे चालले, आणि लोक मैदानावर येत ते मुख्यतः हा फटका पाहायला.

उंच, सडपातळ, ताठ माणूस. उजव्या हाताने फलंदाजी. गोलंदाजीही उजव्या हाताने, वेग फारसा नाही, पण टप्पा आणि दिशा पक्की. लोकांना त्यांचे षटकार आठवतात. मात्र प्रथम श्रेणीत त्यांनी ४११ बळीही घेतले आहेत. आमच्या बैठकीतल्या वादाच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा. वेगाच्या जोरावर टाकणाऱ्याचे वय लवकर होते, टप्प्यावर टाकणाऱ्याचे उशिरा होते. हे आम्ही टेनिस बॉलवरही पाहिले आहे.

१९२३ साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आपल्याकडे बोलावले आणि संस्थानच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. हुद्दा सैन्याचा, काम मुख्यतः क्रिकेटचे. तेव्हा खेळाडूला पगार देण्याची दुसरी सोय नव्हती. संस्थानिकाने नोकरी दिली तर खेळायचे, नाहीतर खेळ सोडून पोटापाण्याला लागायचे. आज खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळते, त्याचेच हे जुने रूप. नायडू पुढे कर्नल झाले आणि तीच त्यांची ओळख झाली. इंदूरला ते जन्मभर राहिले.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एम.सी.सी. संघ भारतात आला होता. बॉम्बे जिमखान्यावर १ डिसेंबरला हिंदू संघाकडून खेळताना नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार होते. हिशेब केला तर १५३ पैकी ११८ धावा नुसत्या सीमापार फटक्यांच्या. एका डावात इतके षटकार तोवर प्रथम श्रेणीत कोणी मारले नव्हते. जिमखान्याच्या छपरावर चेंडू आदळले आणि कचेऱ्या सोडून माणसे मैदानाकडे धावली. एम.सी.सी.ने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. भारताच्या संघाला कसोटीचा दर्जा मिळावा असे गिलिगन यांचे मत झाले, त्यात या डावाचा वाटा मोठा होता. दोन वर्षांनी, १९२८ साली, भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झाले.

आम्ही इथे थोडे थांबतो, कारण पुढचे सगळे समजायला वयाचा हिशेब लागतो. १९२६ साली नायडू एकतीस वर्षांचे होते. आज एकतिसाव्या वर्षी क्रिकेटपटूच्या निवृत्तीच्या बातम्या सुरू होतात. आणि भारताचा पहिला कसोटी सामना व्हायला अजून जवळजवळ सहा वर्षे होती. म्हणजे या माणसाचे खेळण्याचे जे भरीचे वय, ते देशाला कसोटी संघच नसल्यामुळे निघून गेले. म्हातारपणी त्यांनी जागा सोडली नाही असा आक्षेप घेणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे असे आम्हाला वाटते. तारुण्यात त्यांना द्यायला देशाकडे जागा कुठे होती?

१९३२ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. संघाचा प्रमुख राजघराण्यातला असावा ही तेव्हाची रीत होती, कारण बाकीच्या साहेबी जेवणाखाण्यांत आणि भाषणांत तो शोभला पाहिजे. पोरबंदरच्या महाराजांना स्वतःच्या खेळाची मर्यादा कळत होती आणि ते बाजूला झाले. लिंबडीकर जखमी झाले. म्हणून २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेले ते छत्तीस वर्षांचे नायडू. संघातल्या काहींना हे रुचले नव्हते. एक तर ते राजे नव्हते, दुसरे म्हणजे शिस्तीला फार कडक होते. आज विचार केला तर पोरबंदरच्या महाराजांचे आभार मानायला हवेत. स्वतःला वगळणारा कर्णधार रोज भेटत नाही.

त्या सामन्यात निसार आणि अमरसिंग यांनी सुरुवातीलाच इंग्लंडची ३ बाद १९ अशी अवस्था केली होती. नायडूंच्या हाताला क्षेत्ररक्षणात दुखापत झाली. तशाच हाताने त्यांनी भारताच्या पहिल्या डावातल्या सर्वाधिक ४० धावा काढल्या. सामना भारत १५८ धावांनी हरला. पण त्या उन्हाळ्यात नायडूंनी दौऱ्यावरच्या प्रथम श्रेणी सामन्यांत सोळाशेवर धावा काढल्या आणि ६५ बळी घेतले. एम.सी.सी.विरुद्ध लॉर्ड्सवर शतक मारले. बर्मिंगहॅमला मारलेला एक षटकार मैदानाबाहेरची रे नदी ओलांडून पडला, आणि ती नदी दोन काउंट्यांची हद्द असल्यामुळे चेंडू एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत गेला, अशी गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तीही आता चरित्राचा भाग झाली आहे. आपल्याकडे समजायचे तर पांढुर्ण्यात मारलेला चेंडू जाम ओलांडून सावरगावात पडावा तसे. विस्डेन या इंग्लंडच्या प्रसिद्ध वार्षिकाने १९३३ च्या अंकात वर्षातल्या पाच खेळाडूंत त्यांची निवड केली.

१९३३–३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा संघ भारतात आला. तिन्ही कसोटींत कर्णधार नायडूच होते. बॉम्बे जिमखान्यावरच्या पहिल्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक काढले. कलकत्त्याच्या कसोटीत इंदूरचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा, मुश्ताक अली, डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून संघात आला. या मुलाला नायडूंनी इंदूरच्या मैदानांवर लहानपणीच हेरले होते. पुढे मुश्ताक सलामीचा फलंदाज झाला आणि १९३६ साली मँचेस्टरला परदेशातले भारताचे पहिले कसोटी शतक त्याच्या नावावर लागले. म्हातारा खेळाडू तरुणाची जागा अडवतो असे म्हणताना या मुश्ताकचीही आठवण ठेवली पाहिजे.

१९३६ चा दौरा मात्र आठवावासा वाटत नाही. कर्णधार म्हणून विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी, यांची निवड झाली. त्यांना क्रिकेटचे वेड होते आणि खर्च करायची तयारीही होती, पण कसोटी कर्णधाराचा खेळ नव्हता. संघात गट पडले. अमरनाथ यांना दौऱ्याच्या मध्येच घरी पाठवले गेले. नायडू चाळीस वर्षांचे. ज्या संघाचे नेतृत्व केले त्याच संघात आता साधे खेळाडू म्हणून खेळत होते. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू त्यांच्या अंगावर असा बसला की पाहणाऱ्यांना आता ते बाहेर जाणार असे वाटले. ते गेले नाहीत. ८१ धावा करूनच परतले. तो त्यांचा अखेरचा कसोटी सामना. एकूण कसोटी सात, धावा ३५०, सरासरी २५. आजच्या मुलांनी नुसता हा आकडा पाहिला तर त्यांना या माणसात विशेष काय असा प्रश्न पडेल. त्यात त्यांची चूक नाही.

इथे दुसऱ्या कोणाचे चरित्र असते तर पुढे निवृत्ती, सत्कार आणि आठवणी आल्या असत्या. नायडूंच्या बाबतीत आम्हाला सर्वांत रस आहे तो यापुढच्या भागात.

रणजी करंडक १९३४ साली सुरू झाला. १९४१–४२ पासून होळकर या नावाचा संघ त्यात उतरू लागला. इंदूरला यशवंतराव होळकर गादीवर होते. नायडूंनी देशभरातून माणसे जमवली, त्यांना सैन्यात हुद्दे मिळवून दिले. मुश्ताक अली होतेच. धाकटे भाऊ सी. एस. नायडू लेगस्पिन टाकत. सागरला जन्मलेले चंदू सरवटे आले, नागपूरचे हिरालाल गायकवाड आले, माधवसिंग जगदाळे, कमल भांडारकर, भाऊसाहेब निंबाळकर आले. नावे वाचूनच लक्षात येईल की इंदूरच्या त्या संघात मराठी किती बोलली जात असेल. १९४४–४५ ते १९५२–५३ या नऊ हंगामांत नायडूंच्या होळकर संघाने आठ वेळा अंतिम सामना गाठला आणि चारदा करंडक जिंकला. यातला पहिला अंतिम सामना आला तेव्हा कर्णधाराचे वय एकोणपन्नास होते, शेवटचा झाला तेव्हा सत्तावन्न.

त्यातला पहिला अंतिम सामना, मार्च १९४५ मधला, ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा. होळकर हरले, पण हा सामना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबई ४६२ आणि ७६४. होळकर ३६० आणि ४९२. सगळ्या मिळून २०७८ धावा. विजय मर्चंट यांच्या २७८. दुसऱ्या महायुद्धामुळे भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळले आणि ८६७ धावांचे लक्ष्य समोर असताना नाबाद २४९ काढून उभे राहिले. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके मारली. सी. एस. नायडूंनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात इतके चेंडू दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत. आमच्यात जे बॉलर आहेत त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. दीडशेवर षटके! आणि टाकून घेणारा कर्णधार सख्खा मोठा भाऊ. कर्नलसाहेबांकडे नात्याला सवलत नव्हती एवढे यावरून दिसते.

पुढच्याच हंगामात, १९४५–४६ मध्ये, म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकरने ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एकाच डावात सहा जणांची शतके झाली : भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि पन्नास वर्षांचे कर्णधार नायडू. अंतिम सामना इंदूरला, विजय हजारे यांच्या बडोद्याविरुद्ध. त्यात नायडूंनी २०० धावा काढल्या. पन्नाशीत, अंतिम सामन्यात, द्विशतक. होळकरने पहिल्यांदा करंडक जिंकला.

त्याच १९४६ च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला. द्विशतक करणारे कर्नल त्यात नव्हते. मात्र त्यांच्या हाताखालचे मुश्ताक अली, सरवटे आणि सी. एस. नायडू होते. ओव्हलवर सरेविरुद्ध सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीला २४९ धावा काढल्या, तो पराक्रम याच दौऱ्यातला. म्हणजे देशाच्या संघात तरुण आणि होळकरच्या संघात म्हातारा कर्णधार, अशी वाटणी झाली होती. ती योग्यच होती असे आम्हाला वाटते. देशाच्या संघात पन्नाशीतल्या माणसाने जायला नको होते आणि ते गेले नाहीत. पण आपल्या घरच्या संघात, जिथे मुले त्यांच्याकडे बघून खेळायला शिकत होती, तिथे त्यांनी राहायला हवे होते आणि ते राहिले.

त्यांच्या शिस्तीच्या पुष्कळ गोष्टी आहेत. किरकोळ दुखापतीचे कारण त्यांना चालत नसे. उशिरा येणे चालत नसे. संघातली मुले त्यांना भीत. ही भीती सगळीच चांगली होती असे आम्ही म्हणणार नाही. पन्नाशीतला माणूस स्वतः पाय न ओढता मैदानात उभा आहे म्हटल्यावर विशीतल्या मुलाला दमलो म्हणायची सोय उरत नाही, आणि कधी कधी खरोखर दमलेल्यालाही ती राहत नाही. पण एक गोष्ट कबूल करावी लागते. जे दुसऱ्याकडून मागितले ते त्यांनी आधी स्वतः दिले.

याचा सर्वांत मोठा दाखला १९५१–५२ च्या अंतिम सामन्यातला. समोर मुंबई, गोलंदाज दत्तू फडकर, कसोटी संघातले. नायडू छप्पन्न वर्षांचे. हेल्मेट तेव्हा नव्हतेच. फडकरांचा उसळलेला चेंडू थेट तोंडावर बसला आणि दोन दात पडले. नायडूंनी बॅटने ते खेळपट्टीवरून बाजूला सारले, उपचाराला बाहेर जायचे नाकारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. आपल्या वयाकडे पाहून पुढचे चेंडू हळू येऊ लागले, तेव्हा ते चिडले, असे सांगतात. दात पडल्याचे काही नाही, पण दयेचा चेंडू त्यांना नको होता. सामना मुंबईने जिंकला. पुढच्या वर्षी बंगालला नमवून नायडूंच्या होळकरने चौथा आणि शेवटचा करंडक घेतला. आपल्या भागातल्या संघाला पुन्हा रणजी करंडक मिळायला त्यानंतर जवळपास सत्तर वर्षे लागली. जून २०२२ मध्ये, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना, मध्य प्रदेशने बंगळुरूला मुंबईला हरवले. त्या दिवशी पांढुर्ण्यात फटाके वाजले, पण ते उडवणाऱ्या किती जणांना कर्नलची आठवण झाली असेल, कोण जाणे.

आता आमच्या बैठकीतल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपला म्हातारा खेळाडू आपण ठेवून घेणे वेगळे. त्याच्याशी नाते असते, त्याला नाही म्हणायचा संकोच असतो. पण दुसऱ्याचा म्हातारा खेळाडू मुद्दाम बोलावून घेणे ही दुसरी गोष्ट. नायडूंच्या बाबतीत हेही घडले, आणि एकदा नव्हे. १९५३–५४ साली आंध्रचा संघ रणजीत पहिल्यांदा उतरला तेव्हा कर्णधार म्हणून अठ्ठावन्न वर्षांचे नायडू होते. नव्या संघाला धावांपेक्षा खेळायचे कसे हे दाखवणारा हवा होता. यात वाद घालण्यासारखे थोडेच आहे.

१९५६–५७ मध्ये उत्तर प्रदेशने त्यांना घेतले तेव्हा मात्र वादाला जागा होती. नायडू एकसष्ट वर्षांचे झाले होते. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते. क्रिकेटपटूला हा मान मिळायची ती पहिलीच वेळ. पद्मभूषण मिळालेला साठीचा माणूस खुर्चीवर बसून सामने पाहतो अशी आपली समजूत. तरुण होतकरू मुलांच्या राज्याने त्याला पुन्हा पॅड बांधून मैदानात का आणावे? गंमत अशी की उत्तर प्रदेशच्या क्रिकेटवर तेव्हा विझींचा मोठा प्रभाव होता. तेच विझी, ज्यांच्या कर्णधारपदाखाली १९३६ चा दौरा कडू झाला होता. वीस वर्षांत दोघांच्याही मनात काय निवळले असेल ते त्यांनाच ठाऊक.

मैदानावर जे झाले ते असे. राजस्थानविरुद्ध नायडूंनी ८४ धावा काढल्या. समोर विनू मांकड होते, जगातल्या उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांपैकी एक. त्यांना एकसष्ट वर्षांच्या नायडूंनी षटकार ठोकले. आम्ही मध्य प्रदेश शासनाचे नोकर आहोत. २०१८ पासून आम्हाला बासष्टाव्या वर्षी घरी पाठवतात, त्याआधी साठाव्या वर्षी पाठवत. कचेरीतल्या साठीच्या माणसाकडे जड फाईल दिली तर आम्ही पोऱ्याला हाक मारतो. म्हणून हा मांकडांना मारलेला षटकार आम्हाला १९२६ च्या अकरा षटकारांपेक्षा जास्त खरा वाटतो.

त्या हिवाळ्याची आणखी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसे एका रात्रीत नागपूरपासून वेगळी झाली. नायडूंचेही तसेच झाले म्हणायचे. ज्या होळकर संघाचे ते कर्णधार होते त्याचे नाव १९५४–५५ च्या हंगामानंतर पुसले गेले होते. जन्मगाव एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, आणि खेळायला गेले तिसऱ्याच राज्याकडून.

मग १९६३. चीनच्या युद्धानंतर संरक्षण निधीसाठी ठिकठिकाणी सामने होत होते. त्या नोव्हेंबरात नागपूरला, विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर, महाराष्ट्राचे राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्या नावांचे दोन संघ खेळले. राज्यपालांच्या संघात नायडू होते. वय अडुसष्ट. धावा फारशा झाल्या नाहीत. पण तो प्रथम श्रेणीचा सामना होता, आणि तो त्यांच्या जन्मगावात झाला. मुंबईत १९१६ साली सुरू झालेला खेळ नागपुरात संपला. प्रथम श्रेणीत एकूण २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. वय बहात्तर. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांपैकी एक होत्या आणि त्यांनी वडिलांवर पुस्तकही लिहिले. क्रिकेट मंडळाने १९९४ पासून कर्नलांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आणि तरुणांच्या ज्या स्पर्धेला त्यांचे नाव आहे, ती आमच्या त्या मुलाला ठाऊक असलेली ट्रॉफी. साठी उलटून खेळणाऱ्या माणसाचे नाव तेवीस वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेला दिले आहे. हे बैठकीत सांगितल्यावर दोन्ही तट हसले.

पण आमचा वाद काही मिटला नाही. एक तट म्हणतो, नायडू साठीत खेळले म्हणजे आमच्या बॉलरनेही खेळावे. दुसरा म्हणतो, प्रत्येक म्हातारा नायडू नसतो, आणि नायडूंनी स्वतःबरोबर मुश्ताकलाही उभे केले होते. आम्हाला दुसऱ्याचे म्हणणे अधिक पटते. मात्र त्यातून काढायचा तो निष्कर्ष त्या तटाने काढला नाही असे वाटते. सौंसरच्या पोराला यॉर्कर कुठे टाकायचा हे शिकवणार कोण? आमच्यात ते येते एकाच माणसाला, आणि त्यालाच आम्ही वगळायला निघालो आहोत. दुसरीकडे अकरा जागा अकराच आहेत. त्या पोराने मागचा हिवाळा पाणी देण्यात काढला आणि यंदाही तेच करायचे म्हटले तर तो नागपूरच्या एखाद्या संघात निघून जाईल.

विसर्जनानंतरच्या रविवारी पुन्हा बसायचे आहे. यादीत दहा नावे पक्की झाली आहेत. अकराव्या ओळीत दोन नावे लिहिली आहेत, एकाखाली एक, दोन्ही पेन्सिलने. आमच्या जुन्या बॉलरना हे कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानाकडे गेलेल्यांनी पाहिले की गुडघ्याला पट्टी बांधून ते एकच यष्टी रोवून चेंडू टाकत होते, आणि दुसऱ्या टोकाला चेंडू परत करायला तो सौंसरचा पोरगा उभा होता.